पिकअप मागून उचलायचीय? आधी ब्रेकचा छोटा व्हॉल्व्ह काय समजेल ते बघा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक रील पाठवली. जुनी पिकअप, मागची चाकं हवेत, दोघं जण यू-बोल्ट सोडतायत, मध्ये लोखंडी ठोकळा सरकवतायत, आणि पुढच्या काही सेकंदांत गाडी मागून ऐटीत उभी. मागे जोरदार गाणं. खाली मेसेज: "दादा, आपल्या गाडीला पण दोन इंच टाकू का? मागून पार बसलीय. गॅरेजवाला म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम आहे."

आपली गाडी म्हणजे मामाची 2013 ची पिकअप. जुन्नर तालुक्यातल्या शेतातून टोमॅटोचे कॅरेट भरून नारायणगावच्या मार्केटला जाते, भाव पडला की माळशेज उतरून कल्याणपर्यंतही जाते. मी पुण्यात कोड लिहितो, माझी डिग्री कॉम्प्युटरची. पण पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स सगळ्यांच्याच नशिबी असतं, आणि घरात "तू इंजिनिअर ना, सांग मग" या वाक्याला अपील नसतं. म्हणून पुढचे दोन शनिवार-रविवार मी गाडीखाली आडवा पडून घालवले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण ही रील फक्त माझ्या मामेभावालाच दिसत असेल असं वाटत नाही.

हा विषय आत्ताच का निघाला

एक कारण उघड आहे. जुनी गाडी विकून नवी घेणं परवडत नाही, म्हणून जुनीच आणखी चार वर्षं ओढायची. पण जुनी गाडी ठेवणंही आता महाग होत चाललंय. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या फिटनेसचं शुल्क वाढवलं आणि वाढीव शुल्काचा टप्पा 15 वर्षांऐवजी 10 वर्षांपासून सुरू केला. मालवाहू गाडी 8 वर्षांहून जुनी झाली की फिटनेस तसाही दरवर्षी करावा लागतो. म्हणजे मामाची गाडी दरवर्षी तपासणीला उभी राहणार आणि दरवर्षी जास्त पैसे मोजणार.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तपासणी हळूहळू माणसाच्या नजरेकडून मशीनकडे चाललीय. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनचे नियम 2021 मध्ये आले. सक्तीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदललेली नाही. तिथे ब्रेक रोलरवर मोजला जातो आणि हेडलाइटचा झोत यंत्राने तपासला जातो. गाडी मागून उचलली की नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात. म्हणजे उद्या हे काम "चालतंय की" म्हणून दडणार नाही, आकड्यात दिसेल.

तिसरं कारण रील्स. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेतल्या असतात. तिथे पिकअप उचलणं हा जुना छंद आहे, तयार किट मिळतात, चिखलात जायचं असतं, मोठे टायर घालायचे असतात. पण तिथेही सगळं मोकळं रान नाही. पुढून उचलून मागून बसवलेल्या ट्रकची एक फॅशन आली, तिला "कॅरोलिना स्क्वॉट" म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनाने 1 डिसेंबर 2021 पासून पुढची बाजू मागच्यापेक्षा 4 इंच किंवा जास्त उंच करण्यावर बंदी घातली. 2022 मध्ये व्हर्जिनियाने आणि 2023 मध्ये साऊथ कॅरोलिनानेही असेच कायदे केले. कारणं साधी होती: ड्रायव्हरला बॉनेटपुढचा रस्ता दिसत नाही आणि हेडलाइट आकाशाकडे बघतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आपली बसलेली पिकअप न ठरवताच त्या फॅशनच्या जवळ गेलेली असते.

कमानपाटे नेमकं काय करतात

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स, या सगळ्यांना मागे पाटे असतात. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक, मधून सेंटर बोल्ट, आणि सगळा गठ्ठा यू-बोल्टने मागच्या हाउसिंगला आवळलेला. गठ्ठ्याचं पुढचं टोक चेसीला पिनने धरलेलं, मागचं टोक शॅकलला लटकलेलं. पाटा दबला की लांब होतो, त्या लांबीला जागा द्यायला शॅकल हलते. (2020 नंतरच्या थारला मागे कॉइल स्प्रिंग असते. त्यामुळे थारच्या रीलमधली युक्ती पिकअपला लागू होत नाही, आणि उलटंही.)

मागून उचलायचे मार्ग चार-पाचच आहेत. रीलमधला ठोकळा, म्हणजे ब्लॉक, सगळ्यात स्वस्त. हाउसिंग आणि पाटा यांच्या मध्ये तो बसतो, त्यामुळे ठोकळा दोन इंचाचा तर गाडी बरोबर दोन इंच वर. पाट्याचा कडकपणा बदलत नाही, रिकामी गाडी पूर्वीसारखीच चालते. ब्लॉक म्हणजे जुगाडच असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतल्या फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपना कंपनीच मागे ब्लॉक देते. पण ब्लॉकमुळे हाउसिंग पाट्यापासून लांब जातं. ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक दाबला की हाउसिंग स्वतःभोवती फिरायला बघतं, आणि आता त्याला पाटा पिळायला जास्त लांब दांडा मिळालेला असतो. पाना जितका लांब तितका नट सहज फिरतो ना, तसंच. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, गाडी पिकअप घेताना मागून थडथडते. त्यात यू-बोल्ट जुनेच वापरले आणि ते सैल पडले, तर ठोकळा जागचा हलतो. ठोकळा हलला तर मागची धुरीच जागची हलते. चढणीवर भरलेल्या गाडीत हे काय होईल, ते सांगायची गरज नाही. एकावर एक दोन ठोकळे लावलेली गाडी दिसली तर तिच्या मागे गाडी चालवू नका, एवढंच म्हणेन.

लांब शॅकल हा दुसरा मार्ग. यात एक गंमत आहे जी रीलमध्ये कुणी सांगत नाही. शॅकल फक्त एका टोकाला असते आणि धुरी मधोमध, म्हणून शॅकल जेवढी लांब केली त्याच्या साधारण निम्मंच गाडी उचलते. दोन इंच हवेत तर शॅकल चार इंच लांब पाहिजे. तेवढी लांब शॅकल वळणावर बाजूला झुलते, आणि पाट्याचं मागचं टोक खाली गेल्यामुळे हाउसिंगचं नाक वर उचलतं. मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो, ठरावीक वेगाला गाडी गुणगुणायला लागते, आणि काही महिन्यांत क्रॉस बदलायचा खर्च येतो. पाऊण-एक इंचासाठी ठीक, त्याच्या पुढे मी तरी जाणार नाही.

तिसरा मार्ग आपल्याकडचा सगळ्यात लाडका: एक पाटा वाढवणे. नारायणगावचे कमानवाले काका, ज्यांनी माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं पाटे ठोकलेत, त्यांनी गाडीकडे बघून लगेच हेच सांगितलं. त्यांचं चूक नाही. त्यांच्याकडे येणारी प्रत्येक गाडी पासिंगपेक्षा जास्त माल भरते आणि प्रत्येक मालकाला गाडी बसायला नको असते. पाच पाट्यांच्या गठ्ठ्यात त्याच मापाचा सहावा टाकला तर कडकपणा साधारण 20 टक्के वाढतो. पण पाट्याची जाडी बदलली तर हिशेब पार वेगळा, कारण कडकपणा जाडीच्या घनावर चालतो. 8 मिलीमीटरच्या जागी 10 मिलीमीटरचा पाटा म्हणजे तो एकटाच जवळजवळ दुप्पट कडक. "जरा जाड टाकतो, टिकेल" या वाक्यात 'जरा' हा शब्द किती मोठा असतो बघा. रिकाम्या गाडीत तो पाटा दबतच नाही, मागची चाकं खड्ड्यातून उडी मारतात, आणि उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड शून्य.

चौथा, जुनेच पाटे उतरवून ठोकून पुन्हा कमान काढणे. स्वस्त आहे, आठवडाभर गाडी छान दिसते. पण पाटा बसतो तो स्टील थकल्यामुळे. थकलेल्या स्टीलला नवा आकार दिला म्हणून ते ताजं होत नाही. पुन्हा योग्य उष्णता-प्रक्रिया करून देणारा माणूस मिळाला तर गोष्ट वेगळी, नुसत्या हातोड्याने केलेली कमान पुन्हा बसते.

आणि पाचवा, कंपनीच्या मापाचा पूर्ण नवा गठ्ठा, नवे बुश, नवे यू-बोल्ट. सगळ्यात महाग आणि रील बनवायला सगळ्यात कंटाळवाणा.

इथवरचं कुठलाही चांगला मेकॅनिक सांगेल. मला खरा धक्का पुढे बसला.

गाडीखालचा भोळा सेन्सर

मागच्या हाउसिंगच्या वर, चेसीला एक मुठीएवढा व्हॉल्व्ह असतो. त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून हाउसिंगला जोडलेली असते. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात, पार्टच्या दुकानात एलएसपीव्ही. बऱ्याच जुन्या मालवाहू पिकअपमध्ये हा असतो.

त्याचं काम समजून घ्या. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन फार कमी असतं. तिथे पूर्ण ब्रेक लावला तर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी गर्रकन फिरेल. भरलेल्या गाडीत उलट, मागे वजन आहे, तिथेच जास्त ब्रेक हवा. मग गाडीला कळणार कसं की ती भरलेली आहे? कळत नाही. हा व्हॉल्व्ह वजन मोजतच नाही. तो चेसी आणि हाउसिंग यांच्यातलं अंतर बघतो. अंतर कमी म्हणजे पाटे दबलेत, म्हणजे माल आहे, म्हणजे मागे ब्रेकचा दाब जास्त सोड. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, दाब कमी कर.

माझ्यासारख्या माणसाला हे वाचून हसूच आलं. आम्ही ऑफिसात रोज हेच भोगतो: एक गोष्ट मोजायची असते, ती मोजता येत नाही, म्हणून दुसरी मोजतो आणि दोघींमधलं नातं कायम राहील असं गृहीत धरतो. नातं बदललं की सिस्टिम पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देते. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही.

आता आकडे घालून बघू. समजायला सोपे घेतोय, खऱ्या गाडीचे वेगळे असतील. समजा मागे दर 10 किलोला पाटे 1 मिलीमीटर दबतात. 1200 किलो माल, म्हणजे 20 किलोचे 60 कॅरेट भरले की 120 मिलीमीटर. व्हॉल्व्ह म्हणतो, 1200 किलो, पूर्ण ब्रेक.

आता खाली 50 मिलीमीटरचा ब्लॉक टाका. तोच माल, पण अंतर 50 ने वाढलेलं. व्हॉल्व्हला फक्त 70 मिलीमीटर दिसतात. त्याच्या मते गाडीत 700 किलो आहेत. म्हणजे 500 किलो टोमॅटो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. मागचा ब्रेक कमी लागणार, सगळा भार पुढच्या ब्रेकवर, आणि तुम्ही माळशेज उतरताय.

पाटा वाढवला तर? उंची तीच ठेवली असं धरू, फक्त कडकपणा 20 टक्के वाढला. 1200 किलोला पाटे 120 ऐवजी 100 मिलीमीटर दबतील. व्हॉल्व्हला 1000 किलो दिसतील. म्हणजे गाडी एक मिलीमीटरही उचलली नाही तरी सेन्सर फसला. कमानवाल्या काकांना मी हे कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणूनच काही पोरं म्हणतात पाटा टाकल्यावर ब्रेक लांबून लागतो. आम्ही त्यांना लायनर बदला म्हणून सांगत होतो."

आणि आता आमची गाडी. तिचे पाटे बसलेत. समजा 40 मिलीमीटर. म्हणजे रिकाम्या गाडीत व्हॉल्व्हला कायम 400 किलो माल दिसतोय. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना तो भरलेल्या गाडीचा ब्रेक देतोय.

मागच्या पावसाळ्यात मामेभाऊ कल्याणहून रिकामा परत येत होता. मुरबाड सोडल्यावर पुढे एक म्हैस आडवी आली, त्याने ब्रेक दाबला आणि गाडी मागून सरकत आडवी झाली. समोरून कुणी नव्हतं म्हणून फक्त आरसा गेला. घरी सगळ्यांनी टायरला दोष दिला आणि मामाने टायर बदलले. टायर गुळगुळीत होतेच, एकट्या व्हॉल्व्हवर खापर फोडणं बरोबर नाही. पण त्या संध्याकाळी गाडीखाली पडल्या पडल्या मला ते सरकणं पहिल्यांदा समजलं.

ज्या गाड्यांत एबीएससोबत ईबीडी आहे तिथे चाकांच्या वेगावरून मागचा ब्रेक ठरतो, म्हणून उंचीचा असा थेट परिणाम होत नाही. तुमच्या गाडीत काय आहे हे मॅन्युअलमध्ये बघा किंवा खाली वाकून दांडी शोधा. आणि एलएसपीव्ही सापडलाच तर ती दांडी अंदाजाने वाकवून "सेट" करू नका. उचललेल्या उंचीएवढा ब्रॅकेट हाउसिंगच्या बाजूला देऊन अंतर भरून काढता येतं, पण शेवटचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे, प्रेशर गेज लावूनच. काही लोक तो व्हॉल्व्ह सरळ बायपास करतात. त्यांनी एकदा रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर थांबवून बघावी. नको, बघू नये.

हेडलाइटचा हिशेब

हा छोटा आहे पण रात्री मंडईला जाणाऱ्यांसाठी कामाचा. डिपरचा झोत साधारण 1 टक्का खाली झुकवलेला असतो. दिवा जमिनीपासून 85 सेंटीमीटर वर असेल तर झोत 85 मीटरवर जमिनीला टेकतो. पुढचं-मागचं चाक यांत 3 मीटर अंतर धरा आणि मागून 50 मिलीमीटर उचला. गाडी पुढे 1.67 टक्के झुकली. आता झोत 2.67 टक्के खाली, म्हणजे 32 मीटरवर संपला. ताशी 60 किलोमीटरला 32 मीटर दोन सेकंदांच्या आत सरतात. उलट, मागून 50 मिलीमीटर बसलेल्या गाडीचा झोत जमिनीला टेकतच नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तेही डिपरवर असताना. समोरून कुणी सारखा अप्पर मारत असेल तर तो भांडखोर असेलच असं नाही. दिव्यामागचा स्क्रू फिरवून हे जमवता येतं, पण उंचीचं काम झाल्यावर ते करायचं असतं हेच कुणी सांगत नाही.

फोनने काय मोजायचं

या साइटवर आलात म्हणजे फोन हातात आहेच. टेपही घ्या. गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करा, टायरची हवा सारखी करा. माप जमिनीपासून घेऊ नका, टायरमुळे ते खोटं येतं. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, दोन्ही बाजूंना. मग गावात त्याच मॉडेलची, कमी चाललेली गाडी शोधा आणि तिचंही तेच माप घ्या. आमच्याकडे शेजारच्या वाडीत मिळाली. डावीकडे आमची गाडी 45 मिलीमीटर खाली होती, उजवीकडे 35.

कोन मोजायला फोनमधलं लेव्हल ॲप चालतं. फोनमधला ॲक्सिलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून अंश सांगतो. पण त्याच्यात थोडी मूळ चूक असते, शिवाय कॅमेऱ्याचा फुगवटा आणि कव्हर. म्हणून कव्हर काढा, फोनची कड टेकवा, आकडा लिहा, मग फोन उलट दिशेने फिरवून त्याच जागी पुन्हा टेकवा. एकदा 1.2 आला आणि फिरवल्यावर उणे 0.6, तर दोघांतल्या फरकाचं निम्मं, म्हणजे 0.9 अंश हा खरा उतार. उरलेला 0.3 फोनचा. असं करून चेसीचा, प्रोपेलर शाफ्टचा आणि हाउसिंगच्या नाकाचा कोन काम करण्याआधी लिहून ठेवा. नंतर गाडी गुणगुणायला लागली तर भांडायला आकडे असतील.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. खाली स्टँड, चाकांना दगड.

मोजमापं करताना डाव्या गठ्ठ्यावर टॉर्च मारला तर तिसऱ्या पाट्यावर, सेंटर बोल्टजवळ, एक बारीक काळी रेघ दिसली. काकांनी वायर ब्रश मारला आणि म्हणाले, "गेलाय हा." तडा. रीलमधला ठोकळा आम्ही या गठ्ठ्याखाली सरकवणार होतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात 182-अ हे कलम आलं: परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा. ब्लॉक एक, शॅकल दुसरी.

कंपनीच्या मापाचे नवे पाटे बसवणं ही दुरुस्ती आहे. ब्लॉक, लांब शॅकल, जादा पाटा हे बदल. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली टॉर्च मारतो तेव्हा हा फरक त्याला बरोबर दिसतो.

आणि एक गैरसमज मामालाही होता: पाटा वाढवला की गाडी जास्त माल घेऊ शकते. गाडी बसत नाही एवढंच. चेसी, धुरी, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात आणि आरसीवरचं वजनही तेच राहतं. डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा, रिकामं वजन आणि एकूण वजन बघा, वजाबाकी करा. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, हा दंड उचललेल्या गाडीलाही तोच. उलट उचललेली गाडी बसलेली दिसत नाही म्हणून चालकालाच अंदाज राहत नाही.

मग आम्ही काय केलं

आमच्या गाडीला उचलायची गरजच नव्हती. ती चाळीसेक मिलीमीटर बसली होती, तिला मूळ जागी आणायचं होतं. दोन्ही बाजूंचे पूर्ण गठ्ठे कंपनीच्या मापाचे, बुश आणि यू-बोल्ट नवे. एकाच बाजूचा बदलून पैसे वाचवायचा मोह मामाला झाला होता, पण मग गाडी तिरकी उभी राहिली असती. शॉकअप जुनेच ठेवले, ते गळत नव्हते. व्हॉल्व्हची दांडी गंजून जाम झाली होती, ती मोकळी करून मॅन्युअलप्रमाणे तपासून घेतली. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले, आणि नवे असूनही ते पाव फेरा फिरले.

तुमची गाडी बसलेली नसेल, पाटे धडधाकट असतील, आणि शेतातल्या बांधावर मागचं हाउसिंग खरंच टेकत असेल, तर माझं उत्तर वेगळं असतं. आधी आरटीओत विचारा, मग इंचभराच्या आत राहा, आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हचा ब्रॅकेट त्याच दिवशी बसवा. पण हाउसिंग खरंच टेकतंय का, ते खालचे ओरखडे बघून ठरवा. रील बघून नको.

मामेभाऊ थोडा नाराज आहे. इतका खर्च करून गाडी शोरूममधून आली तेव्हा होती तशीच दिसते, फोटो काढण्यासारखं काही नाही, असं त्याचं म्हणणं. परवा तो साठ कॅरेट घेऊन माळशेज उतरला. खाली पोचल्यावर फोन केला, म्हणाला, "दादा, ब्रेक वर आलाय रे," आणि लगेच भावावर बोलायला लागला. टोमॅटोच्या.